हाफ तिकीट

पंढरपूरची एसटी सोलापूर स्टँडवरून हलली न हलली तोच कंडक्टरनं मला "आजोबा" म्हटलं. बायकोचं अर्धं तिकीट काढलं, ते बाईमाणूस म्हणून. मग मशीनवरचं बोट न उचलता माझ्याकडे बघितलं. "तुमचंबी हाफच ना? आधार राहू द्या, दिसालंय की."

पुरुषाला एसटीत अर्धं तिकीट पासष्टीनंतर. मी 54 चा. आधारवरचा फोटो कुणाचाच धड नसतो, पण माझा चेहराच आधार कार्डाचं काम करतो, हे त्या दिवशी कळलं. पूर्ण तिकीट मागून घेतलं. बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "गप बसला असता तर दोघं एका तिकिटात गेलो असतो की ओ."

शनिवारी भाच्यानं होटगी रोडच्या एका स्किनच्या दवाखान्यात नेलं. बायको मजा बघायला आली. डॉक्टरबाईंनी माझ्या हातात आरसा दिला आणि म्हणाल्या, "आठी घाला." शाळेच्या ऑफिसात 28 वर्षं हेडक्लार्की केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. घातली. बाईसुद्धा जरा मागं सरकल्या.

"बोटॉक्स. कपाळ धरून 40 युनिट लागतील."

युनिट म्हटल्यावर मला कूलरचं लाइटबिल आठवलं. इथंही जास्त वापरलं की दर चढतो का, असं विचारून घेतलं.

बोटॉक्स हे चक्क विष. बिघडलेल्या डबाबंद अन्नातून माणसाला लुळं पाडणारा जो जंतू, त्याचंच. अगदी कणभर टोचलं की मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही आणि आठी पडत नाही. आधी तिरळ्या डोळ्यांसाठी वापरायचे, 2002 साली अमेरिकेत भुवयांमधल्या आठ्यांसाठी परवानगी मिळाली. म्हणजे कातडी काही तरुण होत नाही, खालचा स्नायू संपावर जातो. तीन-चार महिन्यांनी संप मिटतो आणि आठी कामावर रुजू. गिरण्यांच्या गावात संप कुणी समजावून सांगायला नको, पण स्वतःच्या खर्चानं वर्षातून तीनदा संप घडवून आणायचा, हे नवीन होतं.

बायकोची अडचण वेगळीच. "यांची आठी गेली तर आमटीत मीठ कमी पडलेलं मला कळणार कसं? तोंडानं कुठं बोलतात हे?"

मग गालांसाठी फिलर निघालं. खड्डे बुजवायचे आणि वर्ष-दीड वर्षानं तेच खड्डे परत बुजवायचे. ही पद्धत शहरात राहून माझ्या ओळखीची होती. ज्याचं पोटच चेहऱ्यावर आहे त्यानं हे जरूर करावं. माझा पगार आठीवर चालतो.

शेवटी बाई म्हणाल्या, "बाही वर करा." दंडाच्या आतली कातडी बघून मीच चमकलो. गुळगुळीत, एक रेघ नाही. आमची सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी सारखी, मी मात्र नाही. "हे तुमचं वय," बाई दंडावर बोट ठेवून म्हणाल्या, "आणि तोंडावर आहे ते निम्म्याहून जास्त ऊन." मे महिन्यात पारा 43 च्या वर, मी मोटरसायकलवर, हेल्मेट घरी खुंटीला.

ऑस्ट्रेलियात म्हणे पंचावन्नच्या आतल्या 900 जणांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला. त्यातल्या ज्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, त्यांच्या कातडीचं वय वाढलेलंच दिसलं नाही. 2013 साली हे छापून आलं. मी 54 चा, म्हणजे पंचावन्नच्या आत बसत होतो. ट्यूब घेऊन बाहेर पडलो.

"दोन बोटं भरून" लावायचं होतं. लावलं. स्टँडवर येईपर्यंत घामानं अर्धं डोळ्यांत उतरलं, उरलेलं पांढरंफटक होऊन मिशीत बसलं. पुन्हा पंढरपूर, पुन्हा तोच कंडक्टर. त्यानं या वेळी आवाजही मऊ केला.

"आजोबा, पंच्याहत्तर झाले असतील तर फुकट आहे बघा."

मी आठी घालून फुल तिकीट मागितलं. त्यानं ते दिलं आणि खिडकीतल्या पोराला ओरडला, "ए, ऊठ बे, म्हातारं माणूस दिसंना का?"

पोरगं उठलं. गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती आणि पंढरपूर सत्तरेक किलोमीटर लांब. मी बसलो.