३१ नंतरची १

रोज बाजू बदलायची, एवढंच मी लक्षात ठेवलं होतं. तिथेच घोळ झाला.

आमच्या साताऱ्यात ज्या रस्त्यावर माझी बँक आहे, त्या रस्त्याला सम-विषम पार्किंग आहे. सम तारखेला गाड्या डावीकडे, विषम तारखेला उजवीकडे. ३१ जुलैला मी पासबुक भरून घ्यायला गेलो तेव्हा गाडी उजवीकडे लावली. दुसऱ्या दिवशी पेन्शन काढायला गेलो. काल उजवीकडे होती म्हणजे आज डावीकडे, असा हिशेब करून गाडी डावीकडे उभी केली आणि छत्री झटकत बँकेत गेलो. ३१ विषम आणि त्यानंतर येणारी १ पण विषमच, हे तिसरीतल्या पोराला कळतं. एका सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं हिशेब तपासलेल्या माणसाला कळलं नाही.

बाहेर आलो तर माझ्या गाडीपाशी एक हवालदार उभे. अंगात रेनकोट, हातात ते दंडाचं मशीन, मशीनवर प्लास्टिकची पिशवी.

"काका, गाडी तुमची का? तेवढी पलीकडं घ्या. आज विषम हाय."

आता इथे हा लेख संपायला हरकत नव्हती. शहाण्या माणसानं "हो हो, चुकलंच" म्हणून गाडी पलीकडं घेतली असती आणि वाटेत पावशेर कंदी पेढे घेऊन घर गाठलं असतं. पण माझी सगळी नोकरी आक्षेप काढण्यात गेली. समोरच्याची चूक सापडेपर्यंत स्वतःची कबूल करायची नाही, हा त्या खात्याचा संस्कार आहे.

"एक मिनिट," मी म्हणालो. "हा नियमच सदोष आहे. ३१ दिवसांचे सात महिने. म्हणजे वर्षातून सात वेळा विषम तारखा लागोपाठ येतात. वर्षात विषम दिवस १८६ आणि सम १७९. उजवीकडच्या दुकानदारांच्या दारात सात दिवस जास्त गाड्या लागतात, हा त्यांच्यावर अन्याय आहे. लीप वर्षात तर आठ."

हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर हाय काका तुमचं. पर गाडी पलीकडं घ्या."

तेवढ्यात माझ्या गाडीपुढेच एक दूधवाला थांबला. मोटरसायकलला दोन्हीकडे कॅन. हवालदारांनी त्याच्याकडे बघितलं, त्यानं दोन बोटं दाखवली, यांनी मान हलवली. त्याच्यापुढे कडेवर पोर घेतलेली एक बाई मेडिकलसमोर स्कूटर उभी करून आत गेली. तिलाही काही नाही. त्याच्याही पुढे कॉलेजचा एक पोरगा मोटरसायकलवर बसून मोबाइल चाळत होता. त्याच्यावर मात्र मशीन रोखून फोटो आणि पावती.

झालं. माझ्यातला तपासनीस जागा झाला. तीन व्यवहार, तिन्ही सारखे, निकाल वेगवेगळे. असा कागद टेबलावर आला असता तर मी लाल शाईची बाटली संपवली असती.

"कशाच्या आधारावर?" मी विचारलं.

"काय?"

"दूधवाल्याला सोडलं, बाईला सोडलं, पोराला धरलं. कशाच्या आधारावर?"

हवालदार थोडे हसले. "दूधवाला दोन मिनिटं थांबतो, क्यान उतरतो, जातो. त्येला पावती करत बसलो तर दोनाची धा मिनिटं व्हत्यात, तेवढा येळ रस्ता बंद. बाईच्या पोराला ताप हाय, रुमाल डोक्यावर ठेवलाय बघा. आन ह्ये पोरगं सकाळपास्नं तिसऱ्यांदा तितंच उभं ऱ्हायलंय."

"पण हे लिहिलंय कुठे?"

"लिहिलंय कशाला? दिसतंय की."

खरं सांगायचं तर उत्तर चोख होतं. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात गाडी कुठे उभी करू नये याचं कलम १२२ आहे आणि ते सांगतं की इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशी गाडी उभी करू नये. अवाजवी म्हणजे किती, हे दिल्लीत बसून कोण सांगणार? ते रस्त्यावर उभं राहणाऱ्यालाच ठरवावं लागतं. हे मला त्या वेळीही माहीत होतं. पण हातात छत्री असली आणि आजूबाजूला चार माणसं थांबली की माणूस वेगळंच बोलतो. मी तर्जनी वर केली आणि म्हणालो, "साहेब, ही रामशास्त्र्यांच्या माहुलीची माती आहे! इथे कायदा सगळ्यांना एकच पाहिजे!"

गर्दीतून कुणीतरी "वा" म्हणालं. त्या "वा"नं माझा घात केला.

हवालदारांनी मशीनवरची पिशवी काढून खिशात घातली. "एकच लावू म्हनता?"

"लावाच."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"मग हितनंच सुरू करू," म्हणत ते माझ्या गाडीच्या मागे गेले आणि खाली वाकले.

माझी गाडी मूळची पुतण्याची. तो पुण्याला गेला तेव्हा माझ्या गळ्यात पडली. तिचा नंबर चार एक चार एक, आणि पठ्ठ्यानं त्याच्यावर आडवी रेघ मारून त्याचा "दादा" करून ठेवलेला. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी साताऱ्यात "दादा" लिहिलेल्या गाडीवरून पेन्शन आणायला जातो आणि आजवर एकाही पोलिसानं मला त्यावरून अडवलेलं नाही. का अडवलं नाही, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. माझं तोंड बघून.

"दुचाकीच्या मागच्या पाटीवर अक्षरं ३५ मिलिमीटर, आकडे ४०," हवालदार वाकल्या वाकल्याच म्हणाले, भाषा एकदम पुस्तकी. "रेघ मारायची तरतूद नाही. पीयूसी दाखवा."

लायसन मी ऐटीत मोबाइलमध्ये दाखवलं, ते चालतं. पीयूसीची मुदत संपून नऊ दिवस झाले होते. त्याला कायद्याच्या पुस्तकात १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही. माझं पेन्शन अजून पिशवीतच होतं, तिला मी नकळत छातीशी धरलं.

"थांबा, तुमचं मागनं बघू," म्हणून ते पुढच्या गाडीकडे वळले, आणि मग जे सुरू झालं ते मी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं. आमच्या कर्मचारी संघटनेनं एका वर्षी "नियमानुसार काम" आंदोलन केलं होतं. संप नाही, घोषणा नाहीत. फक्त प्रत्येकानं प्रत्येक कागद नियमात लिहिलंय तसाच हाताळायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरी ठप्प झाली आणि तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः हात जोडून आले. नियम मोडल्यानं बंद पडलेली कचेरी मी पाहिलेली नाही, पाळल्यानं बंद पडलेली पाहिली आहे.

रस्त्याचं तेच झालं. दूधवाल्याची पावती होईपर्यंत त्याच्यामागे टेम्पो थांबला, टेम्पोमागे रिक्षा, रिक्षेमागे वडूजची एसटी. पेढेवाल्याची फळी हातभर रस्त्यावर होती, ती आत गेली. पाटीवाल्या मावशींना पाटी उचलायला लागली आणि त्यांनी माझ्याकडे बघून जे म्हटलं ते इथे देता येत नाही. मघाशी "वा" म्हणालेला माणूस डबलसीट आलेला होता, हेल्मेट दोघांनाही नव्हतं. "कोन हाय ह्यो म्हातारा?" असं त्यानं मलाच विचारलं.

"पुढची," हवालदार म्हणाले आणि एका पांढऱ्या स्कूटीपाशी थांबले.

ती स्कूटी मी ओळखली. तिच्या हप्त्याचे छत्तीस चेक मीच सही केले आहेत. तेवढ्यात भाजीच्या गल्लीतून सौ. आलीच. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात हेल्मेट, आणि हेल्मेटमध्ये डझनभर अंडी. फुटू नयेत म्हणून.

"भाऊ, पाचच मिनिटं झाली हो," ती म्हणाली. मग तिला मी दिसलो. "अगंबाई, तुम्ही? बरं झालं. सांगा की यांना जरा."

हवालदार माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता, हेच जास्त त्रासदायक होतं. "काय करू काका? कायदा एकच?"

रामशास्त्री प्रभुण्यांची एक गोष्ट सांगतात. त्यांची पत्नी पेशव्यांच्या वाड्यावर गेली होती, तिथून तिला दागिन्यांनी मढवून पालखीतून घरी पाठवलं. शास्त्रीबुवांनी दारातच सांगितलं की बाई, आपण घर चुकलात. आणि आत घेतलं नाही म्हणे. मोठा माणूस. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये खून झाला, तेव्हा राघोबादादांना तोंडावर देहांत प्रायश्चित्त सांगणारा. पण आमच्या घराची किल्ली सौ.च्या पर्समध्ये असते, त्यामुळे दार न उघडण्याचा अधिकार कुणाकडे आहे याबद्दल वाद नाही.

मी अजिंक्यताऱ्याकडे बघितलं. ढगात होता.

"परिस्थिती बघून काय ते ठरवा," मी म्हणालो.

"मोठ्यानं सांगा काका, एसटीचा आवाज हाय."

"म्हटलं, परिस्थिती बघून ठरवा!"

त्यांनी मशीन पुन्हा पिशवीत घातलं. "वहिनी, गाडी पलीकडं घ्या. आज विषम हाय." मग एसटीला वाट करून द्यायला शिट्टी मारत निघाले आणि जाता जाता मला म्हणाले, "पीयूसी आठ दिसांत काढा. दादा पुसून टाका. पार्किंगचं तेवढं ५०० पडलंय, त्येला इलाज न्हाई, फोटो आधीच गेलाय."

संध्याकाळी चार भिंती नावाच्या आमच्या टेकडीवरच्या स्मारकाकडे फिरताना हे सगळं मी एका वकील मित्राला सांगितलं, आपलं काही चुकलं नाही हे त्याच्या तोंडून ऐकायचं म्हणून. तो म्हणाला, "अरे, भारतीय न्याय संहितेत ३३ वं कलम आहे. जुन्या दंडसंहितेत ते ९५ होतं. इजा इतकी किरकोळ असेल की साधारण समज आणि साधारण स्वभावाचा माणूस तिची तक्रार करणार नाही, तर तो गुन्हाच नव्हे. म्हणजे तुझ्या हवालदाराचं वागणं इंग्रजांच्या काळापासून कायद्यात आहे." मग थोडं थांबून म्हणाला, "फक्त त्याला साधारण स्वभावाचा माणूस भेटायला पाहिजे."

घरी आलो तर मोबाइलवर ई-चलनाचा मेसेज येऊन पडलेला. लिंक उघडली. मी अ‍ॅपवर तक्रार नोंदवायच्या तयारीत होतो, १८६ आणि १७९ चा तक्ता करायला कागदही घेतला होता. पण सौ.नं मोबाइल हातातून घेतला आणि फोटो दोन बोटांनी मोठा केला. गाडी स्पष्ट, "दादा" त्याहून स्पष्ट. आणि गाडीमागे मी, तोंड उघडं, डोळे वटारलेले, तर्जनी सरळ आभाळात.

"पुरावा तर चांगलाच दिलाय तुम्ही," ती म्हणाली. "स्वतःच बोटानं तारीख दाखवताय. एक."