नाळे बा

परवाच्या रविवारी माझा अर्धा किलो कुंदा, म्हणजे आमच्या बेळगावची खव्याची मिठाई, टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर लोकांनी वाटून खाल्ला. माझ्यादेखत, आणि माझ्याच भल्यासाठी.

पाच बेचाळीसला ग्रुपवर सरांचा मेसेज पडला होता. उद्या नऊला शार्प मीटिंग, रिजेक्शनचा डेटा घेऊन या. मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत डिस्पॅच बघतो. रिजेक्शन म्हणजे गिऱ्हाइकाकडून परत आलेलं कास्टिंग, म्हणजे ओतीव माल: कुठं ब्लो होल, कुठं क्रॅक, कुठं साच्यातली वाळू आत राहिलेली. यातलं काहीही माझ्या हातून होत नाही, मी माल फक्त गाडीत भरतो. पण परत आलेली गाडी मीच उतरवून घेतो, म्हणून मान खाली घालायचं कामही माझंच. अशी आमच्याकडची रीत.

मेसेज वाचला आणि पोटात नेहमीचा गोळा आला. हा गोळा आता वेळेचा पक्का आहे. रविवारी दुपारचं मटण, मग झोप, मग चहा, आणि चहाचा कप खाली ठेवला की हा हजर. बायको म्हणाली, बसून छत उगाच बघू नका, ताईंकडं कुंदा तरी देऊन या. गेलो. गेट पडलेलं.

मालगाडी होती. मी डबे मोजायला लागलो. अठ्ठावीसपर्यंत गेलो आणि मधेच रिजेक्शनचे आकडे घुसले, परत पहिल्यापासून. तेवढ्यात शेजारच्या टीव्हीएसवरून आवाज आला. गाडीला दोन्हीकडं गवताचे भारे, मधे टोपीवाले मामा.

"काय ओ, हात का थरथरूलालाय?"

"काही नाही मामा."

"घाम पण फुटलाय की. छातीत दुखतंय काय?"

"नाही ओ. उद्या सोमवार आहे."

मामांनी माझ्याकडं नीट बघितलं. दुखणं विचारलं तर माणूस वार सांगतो, म्हणजे प्रकरण डोक्यापर्यंत गेलंय, असा त्यांनी हिशेब केला असावा. गाडी स्टँडला लावून ते मागं वळले आणि शेतातल्या गड्याला हाक मारावी तशा आवाजात ओरडले, "ओ, जरा पाणी द्या कोण तरी! ह्यांना हार्टचं हाय!"

गेटवर अडकलेल्या माणसाला करमणूक हवीच असते. मिनिटात पंधरा-वीस जण जमले. एका पोरानं माझं हेल्मेट काढून स्वतःच्या काखेत धरलं. एकानं पाण्याची बाटली माझ्या डोक्यावर ओतली. प्यायला दिली असती तरी चाललं असतं. मागून एक बाई कानडीत म्हणाल्या, "शुगर इरबेकु री." शुगर असेल म्हणे. सगळ्यांना ते एकदम पटलं. आणि मामांची नजर माझ्या हँडलला लटकलेल्या पिशवीवर गेली.

"कुंदा हाय की!"

डबा फुटला. मामांनी गवताच्या हातानं एक गोळा माझ्या तोंडात कोंबला. मग हेल्मेटवाल्या पोराला दिला, त्या बाईंना दिला, त्यांच्या नातवाला दोनदा दिला. सीमाप्रश्न १९५६ पासून सुटत नाही, पण त्या डब्यावर दोन्ही भाषांचं अर्ध्या मिनिटात एकमत झालं. गेटमन तेवढा केबिनमध्ये अडकला म्हणून तळाला थोडा शिल्लक राहिला.

तोंडातला गोळा गिळून मी कसंबसं खरं काय ते सांगितलं. मेसेज, मीटिंग, दर रविवारचं पोट. गर्दी निराश होऊन पांगली. मामा मात्र बोटं चाटत थांबले.

"भुताचं असतंय तसं आहे हे," ते म्हणाले. "तिकडं बेंगळूरकडं मागं लोक दारावर लिवत होते, नाळे बा. उद्या ये. रात्री भूत यायचं, वाचायचं, परत जायचं. दुसऱ्या रात्री परत तेच. तुम्ही पण लिवा की."

"पण मामा, सोमवार उद्याच आहे. त्याला उद्या ये म्हटलं तर तो येणारच की ओ."

मामा विचारात पडले. खरंच पडले. टोपी काढून डोकं खाजवलं. तेवढ्यात गेट उघडलं आणि मागच्यांनी हॉर्नचा असा गिल्ला केला की भारे सावरत ते न बोलताच निघून गेले. माझं हेल्मेट खाली रस्त्यावर होतं.

मला राग मामांचा नाही. (कुंद्याचा थोडा आहे.) कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून मागणी लावून धरली, तेव्हा कुठं १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना रविवारची सुट्टी कबूल केली. त्या रविवारातले पाचनंतरचे तास आता एका मेसेजमध्ये परत गेलेत. १९४८ चा फॅक्टरी कायदा आठवड्याला ४८ तास म्हणायचा, वरच्या कामाला दुप्पट पगार म्हणायचा. मी रविवारी संध्याकाळपासून रात्री दोनपर्यंत पंख्याकडं बघत मनातल्या मनात सरांना उत्तरं देत असतो, ते कुठल्या रजिस्टरला लावायचं? आणि हा मेसेज शनिवारी दुपारी टाकता येत नव्हता काय? डेटा तर तेव्हाही हाच होता. शनिवारी मी तो टेबलावर काढून ठेवला असता, कागदावर सोमवारचं पहिलं काम लिहिलं असतं, आणि गेटवर निवांत डबे मोजले असते.

घरी बायकोनं डबा उघडला, माझे ओले केस बघितले आणि म्हणाली, "ताईंकडं गेलाच नाहीत ना? मधेच बसून खाल्लात." खरं सांगितलं. त्यापेक्षा खाल्ला म्हटलं असतं तर लवकर सुटलो असतो.

सोमवारी पावणेनऊला फाइल घेऊन केबिनबाहेर उभा. सर अकराला आले. कानाला फोन, हातात गाडीची किल्ली. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "मीटिंग नाळे माडोण री."

आणि केबिनचं दार लावून घेतलं. त्यावर काही लिहिलंय का, ते मी दोनदा बघितलं.