"दुखत नाही न, मग राहू दे"

भिशीच्या ग्रुपवर या महिन्यात तिसऱ्यांदा तोच मेसेज आला. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, छाती दाबली की गाठ फुटून कॅन्सर पसरतो, त्या किरणांनीच तो होतो, गाठ तपासायची सुई तर लावूच देऊ नका. गाठ दुखत नसेल आणि माहेरी कुणाला नसेल तर घाबरायचं कारण नाही.

यातली सगळ्यात घातक ओळ न दुखण्याची. स्तनाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. आंघोळीत साबणाच्या हाताला हरभऱ्याएवढं कडक काही लागतं, बाई दोन दिवस चाचपते, मग "दुखत तर नाही न बाप्पा" म्हणून सोडून देते. मग दिवाळी येते, पोरीची बारावी येते, नणंदेकडचं लग्न येतं.

दाबल्याने कॅन्सर पसरत नाही. दोन पट्ट्यांत छाती काही सेकंद दाबतात, कारण थर पातळ झाला की चित्र स्पष्ट येतं आणि किरणं कमी लागतात. ती साधारण 0.4 मिलिसिव्हर्ट (हे किरणांचं माप). एवढी तर माती-हवेतून दोनेक महिन्यांत घरबसल्या मिळतात.

सुईची भीती कुठून आली ते कळतं. सुई लावली, रिपोर्ट आला, कॅन्सर निघाला. म्हणजे सुईनेच झाला! अहो, तो होताच, नाव तेवढं त्या दिवशी कळलं.

माहेरचं म्हणाल तर वंशातून आलेले शंभरात 5 ते 10.

एक खरं, चाळिशीच्या आत सरसकट मॅमोग्राफी करत नाहीत. तरुण वयात स्तन घट्ट असतो, गाठ चित्रात लपते, म्हणून सोनोग्राफी करतात. आणि मशीन नसलं तरी अडत नाही. मुंबईत टाटा हॉस्पिटलने 1998 पासून वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींना आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. त्याखालच्या वयात तसा फरक दिसला नाही.

मेसेज टाकणाऱ्या काकूंना मी वेगळं विचारलं, "तुमच्या हाताला काही लागलं का?" मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. रात्री उत्तर आलं, "मेडिकलला बाई डॉक्टर असते का?"

मेडिकल म्हणजे आमचं नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. तिथे असते. पुरुष डॉक्टर असला तरी नर्सबाईला थांबवून घेता येतं. मेयो, एम्स, मानेवाडा रोडचं तुकडोजी हॉस्पिटलही आहेच, पण काकूंना मेडिकल जवळ. सोमवारी सकाळी निघतोय.