चौथं बटण

शहरांचे अभ्यासक जुन्या बाजाररस्त्यांचं फार कौतुक करतात. त्यांना एकदा तिथे शर्टाचं बटण आणायला पाठवलं पाहिजे.

शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकेतल्या जेन जेकब्स यांनी 1961 साली लिहून ठेवलं, की रस्ता सुरक्षित राहतो तो नुसत्या पोलिसांमुळे नव्हे. दुकानदारांचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे डोळे त्याच्यावर असतात म्हणून. शंभर टक्के खरं. फक्त हे डोळे चोरापेक्षा माझ्यावरच जास्त असतात. रस्त्याच्या तोंडाशीच "आज एकटेच?" चपलांच्या दुकानदाराला माझी पिशवी रिकामी का, याची चिंता. चष्मेवाल्याला माझा नंबर वाढल्याची खात्री, कारण मी मान खाली घालून पुढे सटकलो. जेकब्सबाईंच्या न्यूयॉर्कमधल्या ग्रीनिच व्हिलेज या वस्तीत म्हणे लोक घराच्या किल्ल्या दुकानदाराकडे ठेवून जायचे, आणि तरी तो कुणाच्या खासगीत नाक खुपसायचा नाही. आमच्या रस्त्याने यातला पूर्वार्ध तेवढा उचलला.

बटणवाल्याकडे जमिनीपासून छतापर्यंत पुठ्ठ्याची खोकी. प्रत्येकावर आतल्या मालाचा एक नमुना दोऱ्याने टाचलेला. मी शर्ट पुढे केला. त्याने शर्टाकडे बघितलंच नाही, माझ्या पोटाकडे बघितलं. "वरून चौथं ना?" म्हणाला आणि शिडीवर चढला. मागे उभ्या गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. वरून आवाज आला, "दोन देतो. लागेल."

यापेक्षा मॉल बरा. व्हिक्टर ग्रुएन या वास्तुविशारदाने 1956 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात साउथडेल हा पूर्ण बंदिस्त मॉल उभारला. शहरी रस्त्याची गजबज छपराखाली आणायची, हा त्याचा बेत. गजबज आली, ओळखपाळख बाहेरच राहिली. मॉलमध्ये मला कुणी काही विचारत नाही. पण तिथे बटण मिळत नाही, अख्खा शर्ट घ्यावा लागतो. आणि त्यालाही चौथं बटण असतंच.

मॉलपुढे टिकायचं म्हणून अमेरिकेतल्याच कलामाझू शहराने 1959 मध्ये मुख्य रस्त्यावर गाड्या बंद केल्या आणि 1998 मध्ये काही भागात पुन्हा आत घेतल्या. कोपनहेगनच्या स्ट्रॉयेट या बाजाररस्त्यावर 1962 मध्ये गाड्यांना बंदी झाली, तेव्हा गिऱ्हाईक तुटणार म्हणून दुकानदारांनी ओरड केली होती. तो रस्ता आजही पायी चालणाऱ्यांनी फुललेला असतो. तत्त्वतः मीही पादचाऱ्यांच्याच बाजूचा. पण गाडी असली की काच तरी वर करता येते.