पंचेचाळीस मिलिमीटरची करंजी

आखाजी, म्हणजे आमची खानदेशातली अक्षय्य तृतीया, होऊन चार दिवस झाले, तरी माझ्या कापड कापायच्या चाकाला साजूक तुपाचा वास येतोय. काल मी त्या चाकाने पांढऱ्या सुती साडीच्या पट्ट्या कापल्या. प्रत्येक पट्टीच्या कडेला ठरावीक अंतरावर एकेक तेलकट ठिपका उमटला. मी गणिताची शिक्षिका. राग आला तरी हात आधी फूटपट्टीकडे जातो. पंचेचाळीस मिलिमीटर व्यासाचं चाक, गुणिले पाय, म्हणजे साधारण चौदा सेंटिमीटर. मोजलं. बरोब्बर चौदावर ठिपका.

तर हे तूप तिथे कसं आलं?

धुळ्याला देवपुरात आम्हा आठ-दहा जणींची गोधडीची बैठक दर रविवारी दुपारी बसते. ज्यांचा कूलर त्या आठवड्यात चालू असेल, त्यांच्या घरी. जिनं जे शिवलं ते तिनं आणायचं, नवं हत्यार घेतलं तर दाखवायचं, पाचकंदिलाकडे कुठे कटपीस स्वस्त लागलेत त्याची खबर द्यायची. याला आम्ही देवाणघेवाण म्हणतो. त्यातली देवाण बहुतेक माझ्याकडे असते.

मी ते रोटरी कटर मागवलं ते अभ्यास करून. १९७९ साली जपानच्या ओल्फा कंपनीने हे चाक काढलं आणि तिकडच्या गोधडीवाल्यांची कात्री सुटली, वगैरे सगळं मी वाचलं होतं. माझं चाक त्या कंपनीचं नव्हे, सव्वासहाशेतलं. पण कापडाचे चार पदर एका ओढीत कापतं. मी ते बैठकीत पिशवीतून काढलं तेव्हा मला वाटलं, आता जरा कौतुक होईल.

जिजींनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांना जवळचं चष्म्याशिवाय दिसतं आणि लांबचं चष्म्यानेही दिसत नाही.

“हाई काय शे वं?”

“रोटरी कटर, जिजी. कापड कापायचं.”

“कापडले चाक?” त्यांनी ते हातात घेऊन हवेत दोनदा फिरवलं. सगळ्या जणी मागे सरकल्या. “हाई ते कातनं शे. करंजीनं.”

“कातणं नाही हो जिजी. कातण्याला दाते असतात.”

“दात नहीत म्हनीसन सस्तं भेटनं व्हई.”

हे बोलताना जिजी हसल्या आणि त्यांचे उरलेले तीन दात दिसले. त्यांतला एक दोरा तोडायला राखून ठेवलेला आहे. बाकीच्या जणी इतक्या हसल्या की कूलरचा आवाज ऐकू येईना.

“कितलाले लिधं?”

“सव्वासहाशे.”

“इतलामा ते आख्खी गोधडी येस!”

हे शंभर टक्के खोटं आहे आणि जिजींना ते माहीत आहे. त्यांच्याकडे कुणी तयार गोधडी सव्वासहाशेला मागितली तर त्या त्याला जिन्यापर्यंत सोडायला जातात, बोलत बोलत. पण तिथे कुणी काही म्हणालं नाही.

मग मी विषय बदलायचा म्हणून कवंदीचं काढलं. कर्नाटकात उत्तर कन्नडमध्ये सिद्दी बायका गोधडी शिवतात ती काठापासून सुरू करतात. चारी बाजूंनी तुकडे लावत, धावदोरा घालत, आत आत, मध्यापर्यंत येतात. मी कागदावर चौकोनात चौकोन काढून दाखवला. फळ्याची सवय. जिजींनी कागद उलटा धरून नीट पाहिला.

“मंग आखरीले ती बाई मझार अडकस ना.”

“अडकत नाही हो. गोधडी मांडीवर असते.”

“फरशी पुसाले बसनी का काठनं काठ मझार जायेल बाई भाईर कशी येस? वल्या फरशीवरथून?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. त्या रविवारी उठताना जिजी म्हणाल्या, “दोन दिन ऱ्हाऊ दे मन्हाजोडे, दखस जरासं.” आणि मी दिलं. का दिलं? सांगते. त्याआधीच्या रविवारी माझी अब्रू गेली होती, ती परत मिळवायची होती.

त्याचं असं झालं की मी आपोआप उडणाऱ्या जांभळ्या शाईच्या पेनाने गोधडीवर रेघा आखून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी शिवायला बसले तर रेघा गायब. शाई आपोआप उडते हा त्या पेनाचा गुण, आणि माझा गुण म्हणजे आखून झोपायला जाणं. मग अंदाजाने टाके घातले. ती गोधडी बैठकीत पसरली, तेव्हा जिजी तिच्या कडेने पूर्ण एक फेरी चालून आल्या, गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि म्हणाल्या, “आठेथून बैल मुतीसन गया का वं?”

घरी येऊन मी शब्दकोश उघडला. माणूस दुखावला की पुस्तकाकडे जातो. तर त्या नागमोडी रेघेला संस्कृतात गोमूत्रिका असा रीतसर शब्द आहे. चित्रकाव्यात गोमूत्रिकाबंध म्हणून प्रकारच आहे, श्लोकाची अक्षरं तशी वर-खाली वाचायची. म्हणजे जे मी शिवलं ते अलंकारशास्त्रात बसतं! मी हे पुढच्या बैठकीत सांगायचं ठरवलं होतं. सांगितलं नाही. गाय की बैल, एवढाच वाद झाला असता.

बरं, जिजींचं काम बघाल तर बोलायला जागा नाही, हाच तर त्रास. उजव्या हाताच्या बोटाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलेला, त्या रबराने सुई पकडून चार पदरांतून अशी ओढतात की सुईला कळत नाही. दोरा हातभरच घेतात, मेणावरून एकदा फिरवून. लांब दोरा घेतला की गुंता होतो, आणि लांब दोरा आळशी बाई घेते, हे दुसरं त्या माझ्याकडे बघून म्हणतात. कापड ओळखायला मी सूत जाळून बघते. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख, पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी. जिजी कापड गालाला लावतात. दोन सेकंद. “टेरीकॉट शे. फेक.” माझी काडी पेटायच्या आत.

आणि टेरीकॉट माझ्याकडे येतं कुठून, तर अख्ख्या कॉलनीतून. “मॅडम, तुम्ही गोधड्या करता ना?” म्हणत लोक दारात बोचकी ठेवून जातात. मला जुनी सुती लुगडी हवी असतात. वीस वर्षं धुऊन धुऊन मऊ झालेली, घाम पिणारी, आमच्या उन्हाळ्यात गच्चीवर अंगाखाली घ्यावी अशी. बोचक्यात निघतात शाळेचे युनिफॉर्म, गंजिफ्रॉक, तुटक्या चेनच्या जीन्स. एकदा वाढदिवसाच्या शुभेच्छांचं आख्खं फ्लेक्स निघालं, भाऊंच्या हसऱ्या फोटोसकट. आणि बोचकं देणाऱ्या वहिनी महिन्याने विचारतात, “आमची झाली का?” आमची! कापड तुमचं नको असलेलं, दोरा माझा, मान माझी, पाठ माझी, आणि गोधडी आमची. पैशांचं काढलं की म्हणतात, घरात बसून तर करायची असते. मी घरात बसत नाही. मी सहा तास फळ्यापुढे उभी असते. पण हे कुणाला सांगायचं?

ते कटर द्यायच्या आठवड्यात माझी कापायची मॅटही गेली. हिरवी, चौकटी आखलेली. ती कोपऱ्यावरच्या वहिनींनी नेली होती. त्यांनी ती धुतली, आणि जंतू मरावेत म्हणून गच्चीवर बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, शेजारी उन्हात टाकली. एप्रिलमध्ये, धुळ्यात. ही मॅट उन्हाने वाकते, सरळ होत नाही, हे मी बैठकीत सांगितलं होतं. दोनदा. संध्याकाळी बिबडे सपाट होते आणि मॅट वर वळली होती. आता तिच्यावर लिंबू ठेवलं तर मधोमध येऊन थांबतं.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी जिजी स्वतः घरी आल्या. हातात वर्तमानपत्राचं पुडकं. वर दोन करंज्या, खाली माझं कटर.

“तुन्हं कातनं भलतं भारी शे. आंडेर उनी व्हती आखाजीले. सव्वाशे करंज्या कयात. एकबी उकलनी नही.”

“जिजी,” मी म्हणाले, “ते कापडाचं आहे.”

“मंग? धुईसन दिधं ना.”

धुतलंच होतं. पात्याच्या मधल्या स्क्रूभोवती गंजाचं नारिंगी वर्तुळ आलं होतं, आणि पातं व मूठ यांच्या फटीत मैद्याची वाळलेली वळी. मी दाभणाने ती कोरून काढत होते तेव्हा जिजी पाणी पीत म्हणाल्या की दात नसल्यामुळे काठ जरा साधाच येतो, पुढच्या वेळी दातांचं घे.

करंजी मी खाल्ली. काठ रेघेसारखा होता. माझ्या गोधडीला तसा काठ अजून आलेला नाही.

आता हे ठिपके. काल रात्री मी पट्ट्या पसरून बसले होते आणि शेवटी, नाइलाजाने, जिजींना फोन केला. चौदा सेंटिमीटरचं गणित सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं असं वाटत नाही.

“मैदा लाव वरथीन. रातभर ऱ्हाऊ दे. तूप वढी लेस.”

म्हणजे पुन्हा मैदा. लावला. सकाळी ब्रशने झटकला. पट्ट्या उजेडात धरून पाहिल्या, उलट्या-सुलट्या, भिंग लावून. एकही ठिपका नाही.

नवं पातं दोनशे दहाला पडलं. ते मी साबुदाण्याच्या डब्यात, तळाशी ठेवलंय. आज दुपारी जिजींचा नातू दारात. शंकरपाळी करायची आहेत म्हणाला, आणि वाकडी झालेली असली तरी चालेल, ती हिरवी पाटपण द्या.