स्वस्त लाइट-डेस्क आणि लॅपटॉप: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. छोट्या नाट्यसंस्थांनी १९२ चॅनेलचा (चॅनेल म्हणजे दिव्यांना आज्ञा देण्याची एकेक वाट) स्वस्त डेस्क, म्हणजे दिवे हाताळण्याचे पटल, विकत घेण्याऐवजी हाताशी असलेल्या लॅपटॉपवर क्यूएलसी प्लस हे मोफत सॉफ्टवेअर चालवावे, त्याला चांगला यूएसबी-डीएमएक्स इंटरफेस (लॅपटॉपच्या आज्ञा डीएमएक्स या दिव्यांच्या सिग्नलमध्ये पाठवणारी डबी) आणि आठ फेडरचा, म्हणजे वरखाली सरकणाऱ्या आठ खुंट्यांचा, एखादा मिडी कंट्रोलर (लॅपटॉपला जोडायचे हाताळणीचे पटल) जोडावा, असे मी लिहिले होते. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत. लॅपटॉप भर प्रयोगात बंद पडू शकतो. १९२चा डेस्क कोणत्याही लाइटवाल्याकडे मिळतो आणि ऑपरेटरला तो पाठ असतो. आणि एलईडी पार (रंग बदलणारे एलईडी दिवे) आल्यापासून छोट्या नाटकाला याहून अधिक काही लागत नाही. यातला तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळे त्यापासून सुरुवात करतो.

१९२चा डेस्क बारा फिक्स्चर (दिवे) आणि प्रत्येकी सोळा चॅनेल अशा हिशेबाने बांधलेला असतो, पण त्यावर फेडर आठच असतात आणि उरलेले आठ चॅनेल पेजचे बटण दाबून हाताळावे लागतात. डीजेच्या कामाला हे पुरते. नाटकात मात्र डावीकडचा स्पॉट सत्तर टक्क्यांवरून तीसवर उतरवत असतानाच मागचा निळा वॉश (रंगमंचावर पसरणारा प्रकाश) सावकाश चढवायचा असतो, आणि हे दोन दिवे वेगवेगळ्या फिक्स्चरवर असतील तर दोन्ही एकदम निवडल्यावर एकाच क्रमांकाचा फेडर दोघांनाही सारखेच हलवतो. सीन (दिव्यांच्या ठरवलेल्या स्थिती) आधी रेकॉर्ड करून ठेवले तरी प्रचलित मॉडेलांत बटण दाबताच प्रकाश झटक्यात बदलतो, कारण फेड टाइमची (प्रकाश सावकाश बदलण्याच्या वेळेची) सोय मुख्यतः चेससाठी, म्हणजे आपोआप एकामागून एक येणाऱ्या सीनच्या मालिकेसाठी, केलेली असते. प्रत्येक संथ बदलासाठी एक चेस बनवावा म्हटले, तर चेस सहाच! क्यूएलसी प्लसमध्ये प्रत्येक क्यूला (प्रकाशबदलाला) चढण्याची आणि उतरण्याची स्वतंत्र वेळ देता येते, आणि माझ्या सल्ल्याचे खरे कारण तेवढेच आहे. चॅनेलची संख्या हा प्रश्नच नव्हे. सात चॅनेलचे दहा एलईडी पार लावले तरी सत्तरच चॅनेल खर्च होतात.

एलईडीमुळे डेस्कचे काम सोपे झाले, हेही मला मान्य नाही. यूएसआयटीटी या अमेरिकी संस्थेने १९८६ साली डीएमएक्स ५१२ हे मानक ठरवले तेव्हा समोर डिमर (प्रकाश कमी-जास्त करणारी उपकरणे) आणि तंतूचे दिवे होते. त्यात प्रत्येक चॅनेलला शून्य ते २५५ एवढ्याच पायऱ्या मिळतात. हॅलोजनचा तंतू तापायला आणि निवायला थोडा वेळ घेतो, त्यामुळे या पायऱ्या डोळ्यांना जाणवत नाहीत. एलईडी मात्र प्रत्येक पायरी तत्काळ दाखवतो. संध्याकाळ उतरण्याचा प्रसंग एका मिनिटाच्या फेडवर ठेवला, तर सेकंदाला जेमतेम चार पायऱ्या येतात आणि शेवटच्या मंद टप्प्यात प्रकाश ठेचकाळताना स्पष्ट दिसतो. हा दोष लॅपटॉपनेही जात नाही. त्यावरचा उपाय दिव्यातच शोधावा लागतो: त्याच्या मेनूमध्ये डिमर कर्व्ह (प्रकाश कोणत्या चालीने चढावा-उतरावा हे ठरवणारी सोय) किंवा सोळा-बिट डिमिंग (कितीतरी बारीक पायऱ्या) आहे का, हे डेस्कची किंमत विचारण्याआधी पाहावे.

आता लॅपटॉप बंद पडण्याविषयी. ही भीती निराधार नाही, पण तिचा बराचसा भाग इंटरफेसवर अवलंबून असतो. एन्टेकच्या ओपन डीएमएक्ससारख्या स्वस्त इंटरफेसमध्ये स्वतःचा प्रोसेसर नसतो आणि सिग्नलची लय लॅपटॉपलाच सांभाळावी लागते, त्यामुळे लॅपटॉप क्षणभर अडखळला तरी दिवे लुकलुकू शकतात. त्याच कंपनीच्या डीएमएक्स यूएसबी प्रोमध्ये मायक्रोकंट्रोलर असतो. सॉफ्टवेअर गोठले तरी यूएसबीतून वीज मिळत असेपर्यंत तो शेवटचा प्रकाश तसाच पाठवत राहतो, आणि तेवढ्या अवधीत प्रवेश निभावून नेता येतो. पैसे वाचवायचेच असतील तर मिडी कंट्रोलर जुना घ्यावा, इंटरफेसमध्ये मात्र काटकसर करू नये. याखेरीज वायफाय, अपडेट, स्क्रीनसेव्हर आणि स्लीप बंद ठेवणे, यूएसबीची वीजबचत बंद करणे आणि लॅपटॉप चार्जरवर ठेवणे ही पथ्ये पाळावी लागतात, आणि ती रंगीत तालमीतच अंगवळणी पडली पाहिजेत.

ऑपरेटरच्या सवयीचा आपला मुद्दा मला पटतो, पण तो विकत घेण्याच्या नव्हे, भाड्याने आणण्याच्या बाजूचा आहे. वर्षाकाठी दोन-चार प्रयोग करणाऱ्या संस्थेने कोणताही डेस्क विकत घेऊ नये. एकांकिका स्पर्धांमध्ये तर बहुधा आयोजकांचाच डेस्क वापरावा लागतो. ज्यांच्याकडे १९२चा डेस्क आधीच आहे, त्यांनी तो विकूही नये. त्यात संपूर्ण रंगमंचाचा एक साधा सीन रेकॉर्ड करून तो लॅपटॉपशेजारी चालू ठेवावा आणि अडचण आलीच तर डीएमएक्सची केबल काढून त्याला जोडावी. दोघांच्या केबली ‘वाय’ जोडणीने एकाच लाइनवर मात्र कधीही देऊ नयेत. डीएमएक्सच्या एका लाइनवर एका वेळी एकच डेस्क बोलू शकतो. दोन्ही कायम जोडलेले हवे असतील, तर मध्ये मर्जर (दोन सिग्नल एकत्र करणारे उपकरण) घ्यावा लागेल.