‘एक तीन टनी घ्या, सगळं उरकतं’ म्हणे!

गोदामवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतो: ‘तीन टनाची एक डिझेल फोर्कलिफ्ट घ्या, सगळी कामं होतात. रीच ट्रक (अरुंद वाटेत उंच रॅकवर माल ठेवणारी गाडी), स्टॅकर (माल उचलून रचणारी छोटी गाडी) हे कंपन्यांनी काढलेले चोचले. बॅटरीच्या गाडीत दम नसतो.’ भिवंडीत नवा गाळा घेणारा हे वाचून सरळ पैसे मोजून मोकळा होतो.

तीन टनी गाडी तीन टन उचलते, पण कधी? मालाचा गुरुत्वमध्य फोर्कच्या (माल पेलणाऱ्या पुढच्या दोन पात्यांच्या) उभ्या बाजूपासून ५०० मिमीवर असेल तेव्हा. दीड मीटर लांबीची पेटी आडवी न घेता सरळ घेतली, की तो मध्य ७५० मिमीवर जातो आणि तीच गाडी अडीच टनालाही कुरकुरते. हिशेब तराजूचाच आहे: पुढची चाकं म्हणजे टेकू, एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला काउंटरवेट, म्हणजे गाडीच्या मागचं तोलाचं वजन. माल उंच नेला की क्षमता आणखी घटते. गाडीवरच्या प्लेटवर हे सगळं छापलेलं असतं. आमच्याकडे त्या प्लेटवर कुणीतरी लिंबू-मिरची बांधली होती, तेव्हा वाचणार कोण!

‘सगळी कामं’ म्हणाल, तर आधी रॅकमधली वाट मोजा. काउंटरबॅलन्स गाडीला, म्हणजे मागच्या वजनावर तोल सांभाळणाऱ्या या नेहमीच्या फोर्कलिफ्टला, पॅलेट (माल रचायची फळी) घेऊन वळायला साधारण साडेतीन-चार मीटर लागतात. रीच ट्रकचा मास्ट, म्हणजे फोर्क वर-खाली नेणारा उभा सांगाडा, गाडीच्या पुढे आलेल्या दोन पायांमधून पुढे-मागे सरकतो, त्यामुळे तिला तीन मीटरच्या आत भागतं. म्हणजे त्याच गाळ्यात रॅकच्या जास्त ओळी बसतात, आणि भाडं तर चौरस फुटावर जातं. वाट अरुंद ठेवून मोठी गाडी घुसवली की काय होतं, ते पाहायचं असेल तर रॅकच्या खांबांचे पाय बघा. गुडघ्याएवढ्या उंचीवर रंग खरवडलेला, पत्रा आत गेलेला. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे शेपूट बाहेर फिरतं. कार चालवणाऱ्याला ते चटकन समजत नाही.

कंटेनर रिकामा करायचा तर फ्री-लिफ्टचा मास्ट हवाच, म्हणजे स्वतः उंच न होता आधी फोर्क वर नेणारा. नाहीतर फोर्क जरा वर घेतले की मास्ट छताला टेकतो. डॉकवरून (माल चढवायच्या ओट्यावरून) ट्रकमध्ये पॅलेट सरकवायला मात्र बीओपीटी, म्हणजे बॅटरीवरची पॅलेट ढकलगाडी, पुरते. तिथे चार टनांहून जड धूड कशाला नाचवायचं?

बॅटरीत दम नसतो, हे तर उलटंच. इलेक्ट्रिक काउंटरबॅलन्समध्ये लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं वजन काउंटरवेटचंच काम करतं. खरी अडचण चार्जिंगची: सात-आठ तास गाडी अडकते, पाणी घालावं लागतं, चार्ज होताना हायड्रोजन निघतो म्हणून हवा खेळती लागते. ते जमणार नसेल तर लिथियम बॅटरीचा भाव विचारा. बंद गाळ्यात दिवसभर डिझेलचा धूर सोडणं मात्र माथाड्यांच्या छातीवर जातं.

पावसाळ्यात खड्ड्यांनी भरलेल्या उघड्या यार्डात तो सल्ला बरोबर ठरतो. रीच ट्रकची छोटी कडक चाकं तिथे दोन दिवस टिकणार नाहीत. आमच्या यार्डात आजही डिझेलच आहे. शटरच्या आत तिला येऊ देत नाही, एवढंच.